एकेरी विचार

“हुशार आहे तुमची मुलगी, पण प्रश्नच विचारत नाही,” बालवर्गाच्या बाई मुलीच्या आईला म्हणाल्या. “महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर पुन्हा लहान गटात बसवू. त्यात काय एवढं!”

त्यात काय एवढं, ते आईलाच ठाऊक. पाच वर्षांची पोर बसवाल तिथे बसे, दिसेल ते टक लावून बघे, पण ‘का’ आणि ‘कसं’ हे शब्द तिच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. बाप तिला लाडाने ‘मौनी’ म्हणे. “अगं, घरात एक तरी माणूस मला उलटून प्रश्न विचारत नाही. तेवढं सुख राहू दे की!”

आई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसे. पेशंटांची नावं लिहायची, फोन घ्यायचे, मधल्या वेळात तिथली जुनी मासिकं चाळायची. आता तिने त्यांतून मुलं कशी शिकतात, मेंदू कसा चालतो, माणसं अशी का वागतात, असलं जे जे डोक्याला चालना देणारं सापडेल ते टिपून घ्यायला सुरुवात केली. टिपणं जुन्या अपॉइंटमेंट कार्डांच्या पाठीवर. घरी ठेवली तर नवऱ्याने त्यातली चार दुमडून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातली. तेव्हापासून कार्डं दवाखान्यातच, कापसाच्या रिकाम्या गोल डब्यात राहू लागली. कुणी कचरा समजून फेकू नये म्हणून डब्यावर कागद चिकटवून तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: विचार.

घोटाळा झाला तो तिथेच.

सोमवारी एक बसड्रायव्हर गाल धरून आला. डब्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. “‘विचारा’ तरी लिहायचं, ताई. एकदम एकेरीवर?”

आई फोनवर होती. तिने नुसतीच मान हलवली. ड्रायव्हरने कागदाच्या चिटोऱ्यावर ‘दाढ काढू की ठेवू?’ असं लिहून ते डब्यात टाकलं, आणि पद्धत अशीच असणार असं समजून आतलं एक कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं: ‘जबरदस्तीने उपटून काढलेली सवय दुप्पट जोराने परत येते.’

“दुप्पट?” ड्रायव्हर उठलाच. “मग काढायची कशाला? एक आवरत नाही, तिथं दोन!” आणि तो गेला.

शेजारच्या खुर्चीत शिवणकाम करणाऱ्या काकू कवळीच्या मापासाठी बसल्या होत्या. त्यांनीही विचारून घेतलं. त्यांना आलं: ‘माणूस एकटा असताना फारसा हसत नाही. हसायला सोबत लागते.’ काकूंना ते इतकं पटलं की माप बाजूला ठेवून त्या सोबत आणायला गेल्या आणि चार मैत्रिणींना घेऊन आल्या. मैत्रिणींचे दात ठणठणीत होते. प्रश्न मात्र भरपूर होते.

आठवडाभरात बाहेर बसायला जागा उरेना. आईने सतरा वेळा सांगून पाहिलं, “अहो, हे माझे विचार आहेत. साठवलेले!”

“मग साठवून काय करताय? वाटा की,” काकू म्हणाल्या.

आणि आत? आत डॉक्टर एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात चिमटा घेऊन मारायला माशीही नसल्यासारखे बसलेले. शेवटी ते बाहेर आले. “बाई, इथे पंधरा माणसं आणि आत मी एकटा. हा काय प्रकार आहे?”

आईने चाचरत सगळं सांगितलं. डॉक्टर लालबुंद झाले. “डबा उद्या इथे दिसता कामा नये!” जाता जाता मात्र, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनीही एक चिठ्ठी खरडून डब्यात टाकली. आईने ती वाचायचा प्रयत्न केला. अक्षर डॉक्टरांचं. मुंगी शाईत बुडून कागदावरून लंगडत गेली असावी, इतकाच बोध झाला.

दुसऱ्या दिवशी नेमकी बालवर्गाला अचानक सुट्टी मिळाली. मौनी दवाखान्यात आली आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून टकमक बघू लागली. आईने सगळी कार्डं पिशवीत भरली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं काय करावं ते न कळल्याने तेवढी तळाशीच राहू दिली. आता कागद खरवडून काढायचा, इतक्यात दार उघडलं. गाल सुजलेल्या बालवर्गाच्या बाई आत आल्या. सुट्टीचं कारण त्यांच्या गालातच होतं.

आईच्या हातून डबा निसटता निसटता राहिला. महिना संपायला दोन दिवस उरले होते, मुलगी समोर, बाई समोर, आणि मुलगी ढिम्म.

“आत जायच्या आधी ते कार्ड काढतात म्हणे इथे,” बाई गालावर हात ठेवून पुटपुटल्या. “म्हणजे आज नको असं आलं, तर मी आपली उद्या…”

“बंद केलं ते,” आई म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात स्टुलावरून बारीक आवाज आला. “वि… चा… र.”

दोघींनी वळून पाहिलं. मौनी डब्यावर बोट ठेवून अक्षरं लावत होती. मग तिने आईकडे पाहिलं. शहाण्या मुलीने सांगितलेलं ऐकायचं असतं, आणि आजवर ‘हे घे’, ‘ते ठेव’, ‘गप्प बस’ सगळं ती ऐकत आली होती. ‘विचार’ असं मात्र तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्हाला भीती वाटते?”

“छे गं! मोठ्यांना कसली भीती?”

“मग तुम्ही दाराकडे तोंड करून का बसलात?”

बाईंनी खुर्ची फिरवली.

“पर्स का उचलली?”

बाईंनी पर्स खाली ठेवली.

“आम्हाला सांगता ना, इंजेक्शनला रडायचं नाही? ते आम्हालाच आहे का?”

यावर उत्तर एकच होतं. बाई उठून आत गेल्या. मौनी मागोमाग. दहा दिवसांनी खुर्चीत माणूस पाहून डॉक्टरांना भरून आलं. त्यांनी पोरीला स्टूल दिलं, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दाताला मुळं असतात तर पाणी कोण घालतं? काढलेल्या दाताला दुखतं का? त्या भोकातून वारा जातो का? डॉक्टर एकेका प्रश्नाला उत्तर देता देता दाढ कधी काढून बसले, ते बाईंनाही कळलं नाही.

तोंडात कापूस असल्याने बाईंना बोलता येईना. त्यांनी आईकडून कार्ड मागून घेतलं आणि लिहिलं: ‘प्रश्न विचारते. मोठ्या गटात बसवावे.’

आईने ते कार्ड तीनदा वाचलं आणि डोळे पुसले.

महिन्याभराने बाईंचा निरोप आला. घाईघाईत खरडलेला: ‘प्रगती उत्तम. आज सकाळपासून एकशे बारा प्रश्न. थांबवायचं कसं, यावर तुमच्या डब्यात काही आहे का?’

आईने घरी नेलेली कार्डं उलटीपालटी केली. सगळी कुतूहल जागवण्याबद्दल होती, निजवण्याबद्दल एकही नव्हतं. डब्याच्या तळाशी डॉक्टरांची ती चिठ्ठी तेवढी उरली होती. आईने ती डॉक्टरांना दाखवली.

“हे कुणी लिहिलंय?” डॉक्टरांनी विचारलं.

शेवटी मौनीचा हात धरून ती खालच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने चिठ्ठीवर एक नजर टाकली आणि पापणीही न लववता फडताळातून कापसाचं पाकीट काढून ठेवलं. “दोन्ही कानांत. सकाळ-संध्याकाळ.”

“तीन द्या,” आई म्हणाली.

“तीन कशाला?” मौनीने विचारलं. “एक बाईंना, एक डॉक्टरकाकांना. आणि तिसरं कोणाला? आई, तिसरं कोणाला? आई?”

आईने तिसरं पाकीट केव्हाच फोडलं होतं. तिला ऐकूच आलं नव्हतं.