टाकीमागच्या घरातला प्राणी

माहितीपर अहवाल शिकवावा तर या नेव्हिल पॅस्कोनं! हे मी म्हणत नाही, माझी आई म्हणते. माझे नियम पोरांना तोंडपाठ आहेत. ‘मी’ नको, ‘मला वाटतं’ नको, गोष्ट तर मुळीच नको. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि एका प्राण्याबद्दल नाही, अख्ख्या जातीबद्दल! कांगारू आणि कोआलाला मी बंदीच घातली होती. वाचून वाचून शिसारी आली होती हो!

क्वीन्सलंडच्या आमच्या आडगावात शाळेला मास्तर एकच, तोही हंगामी. म्हणजे मी. कायम व्हायचं तर शिक्षण खात्याच्या ग्वेंडा रूर्कबाई खूश व्हायला हव्यात. म्हणून शुक्रवारी दुपारी मी त्यांना आणि पालकांना बोलावलं आणि टॅमसिनला वाचायला उभं केलं. ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. हसत नाही, रडत नाही, नुसती बघत असते.

‘‘हा प्राणी उन्हाळ्यात येतो,’’ टॅमसिन वाचू लागली. ‘‘तो टाकीमागच्या घरात एकटा राहतो. त्याचे पाय फार पांढरे असतात. तो टोस्टवर जगतो. सुरुवातीला तो खूप हसतो. नंतर दिवे चालू ठेवून झोपतो. थंडी संपेपर्यंत एकही टिकत नाही. तो कुठे जातो, ते कुणी पाहिलेलं नाही. त्याचे बूट मात्र मागे राहतात.’’

‘‘शाब्बास!’’ मी ओरडलो. ‘‘एक तरी मत सापडतंय का बघा! आता ओळखा पाहू प्राणी!’’

सगळे माझ्याकडेच बघत होते. मी हळूच खाली पाहिलं. चड्डी आणि मोजे यांच्या मधले दोन गुडघे, दुधासारखे पांढरे!

शाळेच्या टाकीमागच्या माझ्या घराच्या दाराशी तीन जोड गमबूट पडलेले असतात, तीन वेगळ्या मापांचे. त्यातला एकही माझा नाही.

‘‘टॅमसिन, हे कुणाबद्दल आहे गं?’’

‘‘हंगामी मास्तर. अख्खी जात, सर.’’

तेवढ्यात बाहेर धुळीचं वादळ उठलं. खिडक्या लाल झाल्या, मग काळ्या. वीज गेली. आणि त्या अंधारात गळा आवळल्यासारखी एक बाई किंचाळली! असा ओरडणारा तो इथला कर्लू पक्षी असतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या पायांना ठाऊक नव्हतं. वीज आली तेव्हा मी टेबलाखाली होतो, रूर्कबाईंची पर्स छातीशी धरून.

गेली नोकरी, असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो.

‘‘काय बारीक निरीक्षण हो पोरीचं!’’ बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘‘असं शिकवणारा माणूस सोडते की काय मी? पॅस्को, आजपासून तुम्ही कायम!’’

मी पर्स त्यांच्या हातात दिली. ‘‘बाई... आधीच्या तिघांनाही कायम केलं होतंत का?’’

‘‘छे हो! ते सगळे हंगामीच गेले. कायम झालेले तुम्ही पहिलेच.’’

‘‘म्हणजे यांचं पुढं काय होतं, ते कुणालाच माहीत नाही,’’ टॅमसिन म्हणाली. तिनं पेन्सिलीला टोक काढलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि बघत बसली.

मी आपलं पोट आत घेतलं. निदान वर्णन तरी बरं यावं!