देवकाबाईंची एकच चूल

"चुली किती, देवकाबाई?" एक्याऐंशीच्या खानेसुमारीला आलेल्या रूपराव मास्तरांनी विचारलं.

एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा सरकारी नेम. शेजारच्या मनकर्णाबाईच्या लेकांनी चुली वेगळ्या मांडल्या, तेव्हा देवकाबाईंनी टोमणे मारमारून तिला जीव नकोसा केला होता. आणि आता पोळ्याच्या सणापासून त्यांच्याच दोन सुना एकमेकींशी बोलत नव्हत्या, वेगळं शिजवत होत्या. हे फुटलं तर गावात तोंड कुठं दाखवायचं? त्यात मनकर्णाबाई ताक मागायच्या निमित्तानं नेमकी ओट्यावर बसलेली.

"एकच!" देवकाबाई ठणकावून म्हणाल्या. "मी जित्ती हाये तोवर एकच."

"मंग मांगून धूर कायचा निघून राह्यला?"

"म्हशीचं आंबोण शिजून राह्यलं."

तेवढ्यात लसणाच्या फोडणीचा घमघमाट आला. मास्तरांनी नाक वर केलं.

"आंबोणाले फोडणी?"

"आमच्या म्हशीले फोडणीबिगर घास उतरत नाई."

"पाहू तं खरं," मनकर्णाबाई ताक विसरून उठली. "माह्या म्हशीले बी वळण लावा लागते."

निघाली वरात मागच्या अंगणात! धाकटीनं नवऱ्यासाठी केलेल्या वांग्याच्या रश्श्याचा गंज देवकाबाईंनी तिच्या हातून ओढला आणि म्हशीपुढं ठेवला. म्हशीनं हुंगलं, शिंकली, आणि गंज चाटूनपुसून लख्ख केला. धाकटी पदर तोंडात धरून उभी. मास्तरांनी निमूट एकच कुटुंब लिहिलं, माणसं अकरा, प्रमुख देवकाबाई.

"सरकारात लागलं आता! ब्रह्मदेव आला तरी हे घर फुटत नाई," देवकाबाईंनी मनकर्णाबाईला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओट्यावर आली तरी चहा नाही. दोन्ही चुली थंडगार.

"काऊन वं, कोनी मेलं का घरात?"

"माही चूल तं म्हशीची निघाली, आत्याबाई," धाकटी म्हणाली. "मानसाचं कसं रांधू त्याच्यावर?"

"अन् अकरा जनाचं मी एकटी काऊन थापू?" थोरली म्हणाली. "घराच्या मुख्य तुमी. सरकारात तसंच लेहलं."

ओरडावं, तर कुंपणापलीकडं मनकर्णाबाई कान टवकारून. देवकाबाईंनी पदर खोचला आणि बसल्या चुलीपुढं. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण अकरा जणांचं रांधलं.

दोघी जावा मांडीला मांडी लावून जेवायला बसल्या. पोळ्यानंतर पहिल्यांदाच थोरली धाकटीच्या कानाशी लागली. धाकटी खुदकन हसली.

"काय खुसपुस हाये वं?"

"काई नाई, आत्याबाई," थोरली म्हणाली. "आमचं दोघीचं एकमत झालं. भाजी खारट झाली."