लंडन ते सांताक्रूझ, पंधरा तास

गणितात मला आजवर कोणी हरवलेलं नाही, आणि त्या गुरुवारीही हरवलं नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण मुलुंडला आमच्या चाळीत भलतंच बोललं जातं.

माझा मेहुणा चंद्रप्रकाश चार वर्षांनी लंडनहून विमानानं येणार होता. तार आली, ‘बुधवारी संध्याकाळी सातला निघतो.’ पोचणार कधी, याचा पत्ता नाही. माझी बायको पद्मजा म्हणाली, “अहो, विमान कंपनीत विचारून या ना.”

“गणित येणाऱ्यानं विचारत कशाला फिरायचं?” मी नकाशावर दोरा धरला. साडेचार हजार मैल. विमान ताशी तीनशे मैल. पंधरा तास. “सकाळी दहाला मुलगा तुमच्यापुढे उभा,” मी सासूबाईंना सांगितलं.

दहाला आम्ही सांताक्रूझच्या विमानतळावर हजर. सासूबाईंच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, पद्मजाच्या हातात हार. विमान नाही. बारा वाजले तरी नाही.

“जावईबापू, पडलंबिडलं तर नसेल?”

“पडलं असतं तर एव्हाना कळलं असतं,” मी धीर दिला. त्यांनी गळाच काढला. शेजारच्या बाकावरच्या दोन बायका, कोण गेलं हेही न विचारता, त्यांच्यासोबत रडू लागल्या.

पद्मजा तडक चौकशीच्या खिडकीशी गेली. आतले साहेब म्हणाले, “बाई, विमान संध्याकाळी येईल. मध्ये रोम, कैरो, कराचीला थांबतं. शिवाय लंडनचं घड्याळ आपल्या मागे असतं.”

“माझं गणित चालत्या विमानाचं होतं,” मी ठणकावलं. “थांबत थांबत काय, बैलगाडीपण येते.”

पद्मजा तिथेच बसू म्हणत होती. मी म्हटलं, घरी जेवू, आडवं होऊ, पाचला निघू. मुलुंडहून टॅक्सीनं तासाचा तर रस्ता. पाचला निघालोही. कुर्ल्याच्या फाटकात एक मालगाडी आडवी आली आणि तिथेच उभी राहिली. सहा वाजले, सात वाजले. सासूबाई माझ्याकडे बघेनात.

शेवटी गाडी हलली. पलीकडे एक टॅक्सी अडकली होती आणि तिला टेकून एक हॅटवाला उभा होता.

“पद्मे, तो आपला चंदू,” सासूबाई म्हणाल्या. फाटक वर जायच्या आत त्या डब्यासकट खालून वाकून पलीकडे गेल्या. चंद्रप्रकाशनं हॅट काढली. त्याचे केस विरळ झाले होते. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मागच्या बसनं हॉर्न वाजवला, तरी हलल्या नाहीत.

“भावोजी, विमानतळावर कोणीच दिसलं नाही,” चंद्रप्रकाश म्हणाला. “म्हटलं, तार पोचली नसेल.”

“तार पोचली होती,” मी म्हटलं. “विमान पोचलं नव्हतं.”

“आता घरी कधी पोचू?” सासूबाईंनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात पद्मजानं टॅक्सीवाल्यालाच विचारलं.

“अर्धा तास,” तो म्हणाला.

सव्वा तास लागला. त्याला कोणी एक शब्द बोललं नाही.