आपल्याकडचं नाही हं!

दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली, की शेजारचे साळवेकाका जिन्यात थांबून, धापा टाकत सुरू करतात, "एका गावात एक लिफ्ट होती. ती कधी बिघडत नसे, नुसती विश्रांती घेई." तेवढ्यात सेक्रेटरी दिसले, की लगेच, "आपल्याकडचं नाही हं, सर्बियातलं आहे!" एकदा सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाईसाहब, ये सर्बिया कौन से ब्लॉक में है?"

काका उमेदीच्या काळात सर्बियात, बेलग्रेडच्या आपल्या दूतावासात कारकून होते. येताना इतरांनी काचेची भांडी आणली, यांनी तिथल्या गोष्टींची पुस्तकं. पुढाऱ्यांची, साहेबांची टर उडवणारी. जन्मभर सरकारी नोकरी, तोंडावर बोलायची सोय नाही. मग सर्बिया कामाला आला. रिटायर झाल्यावर ते त्या गोष्टी मराठीत उतरवू लागले. छापायला कुठेच दिल्या नाहीत. वाचणारी एकच, काकू. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्या वाचायच्या आणि अशा हसायच्या, की भिंतीपलीकडे आम्हालाही हसू यायचं.

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि काकांनी वही मिटली. मला फार वाईट वाटायचं. मग गुरुग्रामहून दर रविवारी येणाऱ्या नातीला, ईराला, त्यांनी भीत भीत एक गोष्ट दिली. मंत्री येणार म्हणून गावकरी कोरड्या विहिरीला आतून निळा रंग देतात, ती. हिंदीत वाढलेली ईरा दुसऱ्याच ओळीला अडली.

"आजोबा, हा लाळघोट्या... डॉगी आहे का?"

मी हसलो. काका नाही हसले. "चलो, म्हणजे आता वाचणारं कोणी नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो, तर वही उघडी. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात टिपा. 'लाळघोट्या : साहब का चमचा.' 'पोहरा : कुएँ की बाल्टी.' काही पानांवर तर टिपाच गोष्टीहून लांब. ईरा शब्दांवर बोट ठेवून वाचत होती. गोष्टीतल्या मंत्र्याने रिकामा पेला तोंडाला लावला आणि म्हणाला, "वा, काय गोड पाणी!" त्यासरशी ईरा खो-खो हसत सुटली. थेट काकूंसारखी, मधेच श्वास अडकवून.

काकांनी चष्मा काढला.

"काका, डोळ्यांत पाणी?"

"सर्बियातलं नाही हं," ते म्हणाले, "आपल्याकडचं आहे."