फिरकीवरचं लाल औषध

साक्षगंधाच्या सकाळी अर्जुनरावांनी मुलीच्या टॉप्सच्या दोन्ही फिरक्यांत लाल औषधाचा एकेक थेंब सोडला, आणि एक काम मार्गी लागलं म्हणून स्वतःपुरता चहा मांडला.

औषध नौशाद मिस्त्रीने दिलं होतं. बीटी कपाशीवर अळी येत नाही असं सगळे म्हणत, पण त्या वर्षी बोंडअळीने बीटीलाही सोडलं नव्हतं. जानेफळात फवारणीचे पंप दिवसभर घरघरत आणि त्यांचे बोल्ट ढिले होऊन सरीत पडत. बोल्टच्या आट्यांवर या औषधाचा थेंब सोडला की बोल्ट जागचा हलत नाही, असं नौशादचं म्हणणं. आधी त्याने निळी बाटली दिली होती. अर्जुनरावांचे बोल्ट तरीही पडले, आणि त्यांनी माल नकली असल्याचं गावभर केलं. मग नौशादने चिडून लाल बाटली आणून दिली. "हे धरलं नाही तर मिस्त्रीगिरी सोडतो," म्हणाला.

टॉप्स अर्जुनरावांच्या बायकोचे, अंबूबाईंचे होते. घरातलं बाकीचं सोनं कपाशीच्या मागे गेलं. एवढे दोन राहिले होते, आणि पोळ्याच्या सुमारास अंबूबाईही गेल्या. फिरक्या ढिल्या होत्या. आज एक जरी पडली असती, तरी अर्जुनरावांना ते सोसलं नसतं.

योगिनीने टॉप्स घालून फिरक्या पिळल्या आणि ती स्वयंपाकघरात आली.

"बाबा, आत्याचा फोन होता. सासूबाई नवे कानातले घेऊन येऊन राह्यल्या. सगळ्याइपुढं त्याच घालतीन."

"चांगलं हाये की."

"मंग हे काढा लागतीन ना!"

अर्जुनरावांचा कप बशीवर वाजला. "हात लावू नको त्याले!"

"काऊन?"

"म्या त्याच्यात पंपाचं औषध टाकलं."

"फवाऱ्याचं?" योगिनीने दोन्ही कान धरले.

"बोल्टाचं वं, बोल्टाचं!"

नौशाद अंगणात मांडवाचा पंखा बसवत होता. अर्जुनरावांनी त्याला हाताला धरून आत आणलं. ऐकून तो म्हणाला, "निळी का लाल?"

"लाल."

नौशाद खाली बसला. "भाऊ, निळी पान्यानं उघडते. लालले आग दाखवा लागते. बोल्ट चांगला तापला का मंग सुटते."

"बोल्ट पोरीच्या कानात हाये बे!"

"म्हणून तं बसलो ना खाली."

"मी पिळून पाहू?" योगिनीने विचारलं.

"नको!" नौशाद म्हणाला. "जोर केला का दांडी मोडन. आता कटरच लागन."

अंबूबाईंच्या टॉप्सला कटर लावायचा, हे अर्जुनरावांच्या डोक्यात शिरेना. ते म्हणाले, "सांगू का त्याइले, आमच्याकडं साक्षगंधाले जुनं काढत नाहीत म्हणून?"

"बाबा, त्या आत्याच्या जाऊ हायेत. आपल्याकडं काय करतात ते त्याइले तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाये." मग तिने केस कानामागे सारले. "कापा बाबा. आई असती तं तीही कापा म्हणली असती."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. धामणगाव बढ्याचे पाहुणे उतरले. नौशाद कटर आणायला उठला, तेवढ्यात त्याची बायको रुबिना मेंदीचा कोन घेऊन आत आली.

"पाहुणे आले अन् तुमी इथं बसून काय करून राह्यले?"

तिघांनी एकदम सांगितलं. रुबिनाने कोन खाली ठेवला, योगिनीची मान वळवली आणि दोन बोटांनी फिरकी फिरवली. फिरकी निघून तिच्या तळहातावर आली. मग दुसरीही आली.

"हे चिकटलं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

नौशादने फिरकी बोटांत चोळली, हुंगली. "भाऊ, हे कायच्यात ठेवले होते?"

अर्जुनरावांनी कपाटातून डबी आणली. तिच्यात खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता. कान पिकू नये म्हणून अंबूबाई टॉप्स असेच ठेवत. त्या गेल्यापासून डबी आज सकाळीच उघडली होती.

"तेल हाये म्हणून धरलं नाही," नौशाद म्हणाला. "आटे आंधी कोरडे करा लागतात." मग त्याला काहीतरी सुचलं. "अन् पंपाचे बोल्ट तू कायनं पुसतो?"

"तेलाच्या फडक्यानं. गंजू नये म्हणून."

"अन् माल माहा नकली!"

अर्जुनरावांना हसू आलं. घरात त्यांचं हसू ऐकून बरेच दिवस झाले होते. योगिनी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

साक्षगंध नीट पार पडत होतं. सरस्वतीबाईंनी होणाऱ्या सुनेच्या कानात नवं कानातलं घातलं, फिरकी बसवली आणि थांबल्या.

"ही जराशी ढिली हाये वाटते. घट्ट कराले घरात काही हाये का?"

"नाही!" अर्जुनराव आणि नौशाद एकदम ओरडले.

सगळा मांडव त्यांच्याकडे वळला. अर्जुनरावांनी खिशातून डबी काढली, बोळ्यातून कापसाचा एक बारीक पदर ओढला आणि रुबिनाच्या हातात दिला. तिने तो दांडीवर गुंडाळला आणि फिरकी पिळली.

घट्ट बसली.