घुबडरावांचा ऊन-अंदाज

एका जंगलात, बाळांनो, वर ऊन भरपूर होतं आणि पाणी मात्र खोल खाली होतं. पाणवठा आटला होता. हरणं चिखल चाटून दिवस काढत होती. म्हणून विहिरीवर सौरपंप बसवायचं सिंहमहाराजांनी ठरवलं.

पण पंप म्हटला की पॅनेल किती लागतील ते काढायला हवं. त्यासाठी ऊन किती पडतं ते कळायला हवं. ऊन मोजायचं यंत्र जंगलात नव्हतं. मग हवामानाच्या नोंदींवरून अंदाज बांधायचं काम घुबडरावांकडे गेलं. ते दिवसा झोपतात हे महाराजांना ठाऊक होतं. त्यामुळेच ते उन्हाबद्दल निःपक्षपाती असतील, असं त्यांना वाटलं.

रीत साधी होती. आभाळ मोकळं असलं की दिवस तापतो आणि रात्र गार पडते. ढग असले की दोन्हींत फारसा फरक राहत नाही. फरक मोठा, तर ऊनही जास्त. रीत चांगली आहे हो, मी तिला नावं ठेवणार नाही.

तापमानाच्या नोंदी अस्वल ठेवायचं. बाहेर फार उकडतं म्हणून त्याने तापमापक आपल्या गुहेत, अगदी आत टांगला होता. तिथे रात्रंदिवस सारखाच गारवा. घुबडरावांनी फरक काढला, तो शून्य निघाला. त्यांनी अहवाल दिला, की या जंगलात कायम ढग असतात आणि ऊन पडत नाही.

हे ऐकून कपिली नावाची म्हातारी हरणी भर दुपारी दरबारात आली.

"महाराज, पाठ भाजून निघालीय," ती म्हणाली. "जरा बाहेर येऊन बघता का?"

घुबडरावांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "बाई, एका पाठीवरून अख्ख्या जंगलाचा अंदाज बांधता येत नाही."

महाराजांना ते पटलं. शिवाय कायम ढग म्हणजे पाऊसही भरपूर असणार, मग पंप हवाच कशाला, हे प्रधान कोल्ह्याच्या लक्षात आलं. पंप रद्द झाला आणि हरणांना छत्र्या वाटण्यात आल्या.

त्या छत्र्यांच्या सावलीत हरणं काही दिवस पाण्याची वाट बघत बसली. मग एका सकाळी कपिली उठली आणि सगळा कळप घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली. जाताना तिने छत्र्या नीट मिटून ठेवायला लावल्या. मला तिचं फार वाईट वाटलं.

पुढच्या अहवालात घुबडरावांनी लिहिलं, की विहिरीवर आता कोणीही पाणी मागत नाही, म्हणजे आपला अंदाज बरोबर होता.

तात्पर्य: बाळांनो, अंदाज चुकला तरी तो बदलू नये. थोडा धीर धरावा. ज्यांच्यामुळे तो चुकतो, ती हरणं आपणहून निघून जातात.