जिनपाल अण्णांची क्याबिन

निपाणीत तंबाखूच्या वखारी ढिगानं होत्या. पण क्याबिन होती ती एकट्या जिनपाल अण्णांच्या वखारीत! छत्तीस साली कसल्याशा कामासाठी अण्णा बेळगावच्या क्यांपात एका साहेबाच्या हापिसात गेले होते. साहेब दाराआड बसलेला, बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसलेली. अण्णाही तासभर ताटकळले. दुसरा कुणी असता तर चिडला असता. अण्णा मात्र खूश होऊन परतले.

"भावकू, मालक दिसला की त्याची किंमत गेली," त्यांनी आपल्या दिवाणजीला सांगितलं. "मालक दिसायचाच न्हाय! बघ तू, म्हैन्याभरात वखारीला कशी शिस्त लागत्या ती!"

भावकू 'व्हय' म्हणाला. तीस वर्षं तो 'व्हय'च म्हणत आला होता.

तोवर वखारीत सगळा एकच दरबार होता. लांबलचक ओसरी, तिच्या एका टोकाला अण्णांची गादी, शेजारी भावकूचं मेज, पुढं कारकून मंडळी, आणि घोंगड्यावर चिमूट चिमूट तंबाखू हुंगत बसलेले शेतकरी. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लेकीचं जमलं, हे अण्णांना बसल्या जागी कळायचं. सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा त्यांचा जैनाचा नेम. बायको शालन गेल्यापासून घरी बोलायला फक्त भिंती उरल्या होत्या, म्हणून संध्याकाळचा डबा ते वखारीतच मागवायचे. ते जेवायला बसले की बाकीचे चिरमुरे घेऊन भोवती बसायचे. एवढा अर्धा तास अण्णांचा दिवस गोड करून जायचा. आणि नेमका तोच आपण सुताराच्या हवाली करतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही!

परशराम सुतारानं ओसरीच्या मागच्या टोकाला सागवानी क्याबिन उभी केली. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून दुहेरी फळ्या ठोकल्या आणि मधल्या पोकळीत तंबाखूच्या वाळक्या काड्या ठासून भरल्या. आवाज खरंच बंद झाला. शिंका मात्र सुरू झाल्या! अण्णा खुर्चीत बसले की पहिल्या घटकेतच दहा शिंका मोजून व्हायच्या, आणि त्या ऐकायलाही कुणी नसायचं.

दाराला मुंबईचं चापाचं कुलूप आणलं होतं. दार ओढलं की आपोआप लागणारं! असलं कुलूप परशरामनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं ते उलटं बसवलं. बाहेरून नुसती मूठ फिरवली की दार उघडायचं, आतून मात्र किल्ली लागायची. थोडक्यात, बाहेरचा कुणीही आत येऊ शकत होता. मालकाला तेवढं बाहेर पडायला किल्लीची परवानगी लागत होती!

"असू दे," अण्णा म्हणाले. "किल्ली माझ्या कोटात असत्या."

शिवाय एक घंटा होती. दोरी अण्णांच्या हाताशी, घंटा भावकूच्या मेजावर. तिचे नियम अण्णांनी पाटीवर रंगवून घेतले. घंटा एकदा वाजली तर दिवाणजींनी यावं. सारखी वाजत राहिली तर गलका होतोय असं समजून सर्वांनी गप्प बसावं. बोलावल्याशिवाय कुणीही दार उघडू नये.

शिस्त लागली! इतकी लागली, की दुसऱ्या आठवड्यात अण्णा स्वतःच घंटा वाजवायला कारणं शोधू लागले.

"भावकू, बाहेर काय चाललंय?"

"काय न्हाय अण्णा. कामं चालल्यात."

"हसत कोण हुतं मघाशी?"

"कोण न्हाय अण्णा."

भावकू दार ओढून जायचा. अण्णा डबा उघडायचे, शिंकायचे आणि एकटेच जेवायचे. घरी चार भिंती होत्याच. आता पदरचा पैसा घालून त्यांनी आणखी चार बांधून घेतल्या होत्या. पण हे कबूल कुणापाशी करायचं? सगळ्या निपाणीला तर फुशारकी मारून ठेवलेली!

आणि मग तो शनिवार उजाडला. उकडत होतं म्हणून अण्णांनी कोट काढला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं तो बाहेर जुन्या गादीवरच्या खुंटीला अडकवला. डबाही तिथंच कोनाड्यात ठेवला. आत गेले, दार ओढलं. खट्!

उन्हं कलल्यावर त्यांना भूक लागली. खिसा चाचपला, तर खिसाच नाही!

त्यांनी घंटा एकदा वाजवली. भावकू गाड्या बघायला नाक्यावर गेला होता. बाकीच्यांनी पाटीकडे पाहिलं. एकदा म्हणजे दिवाणजी, आपण नव्हे! थोड्या वेळानं अण्णांनी पुन्हा ओढली. मग पुन्हा. मग चिडून दोरी सोडलीच नाही.

बाहेर ओसरी चिडीचूप झाली.

अण्णा ओरडले, "अरे, दार उघडा!" काड्यांनी भरलेल्या फळ्यांनी चोख काम बजावलं. ते जेवढी जोरात घंटा वाजवत, तेवढी मंडळी आणखी गप्प होत. एकानं तर येणारी शिंक नाक दाबून परतवली. तेवढ्यात भावकू आला.

"कवापास्नं वाजत्या?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"अर्धा तास झाला की! लई तापल्यात आज."

"मग हितं थांबून आणि तापवू नगा. चला घरला. चपला हातात घ्या रं!"

सगळी वखार अनवाणी, चवड्यांवर चालत घरी गेली. आत अण्णा दोरी ओढतच होते. छताजवळच्या झरोक्यातून येणारं ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं. आणखी वीतभर सरकलं की आजचं जेवण संपलं. पण खरं सांगायचं तर भुकेपेक्षा भलतंच काहीतरी त्यांना टोचत होतं. आपण उद्या सकाळपर्यंत इथं पडून राहिलो, तरी घरी 'अजून कसे आले नाहीत' म्हणणारं कुणी नाही! हात दुखत होता म्हणून नव्हे, पण अण्णांचे डोळे भरून आले.

एवढ्यात झाडलोट करणारी गुणाबाई आली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला नियमही नव्हते. मेजावर घंटा आपोआप नाचतेय हे पाहून ती थबकली.

"आगं बया! घूस शिरली वाटतं दोरीत!"

तिनं दोरी धरून हिसका दिला. आतून अण्णांना हिसका बसला. बाहेर माणूस आहे! त्यांनी आनंदानं उलटा हिसका दिला.

"लई दांडगी हाय मेली!" म्हणत गुणाबाईनं मूठ फिरवली आणि आत पाय टाकता टाकता खराटा हाणला. तो बरोबर अण्णांच्या खांद्यावर बसला.

"गुणाबाई, म्या हाय गं!"

"आत्ता! अण्णा, तुमी? मग हाक मारायची की!"

अण्णा धडपडत कोनाड्याशी गेले. डब्याचं झाकण काढलं आणि समोर पाहिलं. सूर्य बुडाला होता. त्यांनी झाकण परत लावलं.

"आता जेवण कवा वो?" गुणाबाईनं विचारलं.

"आता उद्या. तू बस जरा. तुझ्या लेकीचं काय झालं, सांग की."

गुणाबाई खराट्यासकट ओसरीवर टेकली आणि बोलत राहिली. उपाशी अण्णांना कितीतरी दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं.

सोमवारी त्यांनी हुकूम सोडला, "परशरामला बोलवा. पाडा ती क्याबिन! मी आपला गादीवर बसतो, पैल्यासारखा."

भावकू मान खाजवू लागला. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो 'व्हय' म्हणाला नाही.

"राऊ दे की अण्णा. मंडळी आताशा जरा मोकळी बोलत्यात."

"म्हंजे? आधी बोलत नव्हती?"

"बोलत हुती की. तुमी हसला की हसत हुती."

क्याबिन राहिली. अण्णा गादीवर आले आणि मंडळी चिरमुरे घेऊन क्याबिनीत बसू लागली. दार लागू नये म्हणून गुणाबाई त्यात वीट ठेवायची. अण्णा बाहेर घंटेशेजारी एकटे जेवायचे.

एके संध्याकाळी विटेला कुणाचा तरी पाय लागला. खट्! घंटा एकदा वाजली.

अण्णांचा घास हातातच राहिला. बोलावलं! आपल्याला आत बोलावलं! त्यांनी घाईघाईनं मिशीवरून हात फिरवला, डबा उचलला आणि दारापाशी गेले. मागं घंटा सारखी वाजायला लागली. फळीला कान लावल्यावर आतून बारीक आवाज आला.

"अण्णा! ओ अण्णा! अडकलो की हितं! अण्णा!"

मूठ फिरवली की दार उघडणार होतं. अण्णांनी डबा खाली ठेवला.

"थांबा रं, किल्ली शोधतोय!" असं ओरडून त्यांनी कोटाचा उजवा खिसा तपासला. मग डावा. मग सावकाश, पुन्हा एकदा उजवा.